आगमनकाळात ब्लँकेटवाटपाखेरीज काय करता येईल? (इंदूर)

छावणीतली_आई
नमस्कार. माहेर नगरचं, लग्नानंतर अकरा वर्षं इंदुरात. घरात प्रार्थना आणि गीतं मराठीत, दाराबाहेर सगळं हिंदी. येत्या रविवारी आगमनकाळाची, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांची, पहिली जांभळी मेणबत्ती लागेल, आणि मला गेल्या वर्षीचं अजून सलतंय.

गेल्या डिसेंबरात चर्चच्या मंडळीतल्या आम्ही सात-आठ जणींनी पैसे जमवून तीस ब्लँकेटं घेतली आणि रात्री साडेनऊला एका मोठ्या सरकारी दवाखान्याच्या आवारात गेलो. झाबुआ, धार, बडवानीकडून आलेले पेशंटांचे नातेवाईक तिथे मुक्कामाला असतात. वीस मिनिटांत ब्लँकेटं संपली. ग्रुपवर टाकायला फोटो काढला, तेवढ्यात ब्लँकेट घेणाऱ्या आजींनी झटकन पदर तोंडावर ओढला. फोटोत आम्ही सगळ्या हसतोय आणि मधे ते झाकलेलं तोंड. माझ्या नऊ वर्षांच्या लेकीने विचारलं, "आजीला थंडी वाजत होती की रडू येत होतं?" मला उत्तर देता आलं नाही.

उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, हे मीच संडेस्कूलमध्ये शिकवते. या चार आठवड्यांत लेकीला बरोबर घेऊन काय करू? पैसा फार नाही. वेळ आहे, दुपारी दोन ते पाच.

निवृत्त_सिस्टर
ताई, मी एकतीस वर्षं वॉर्डात ड्यूटी केली. ब्लँकेट लागतंच, त्यात वाईट वाटून घेऊ नका. पण माणूस हरवतो तो दिवसा. पर्चीवर सीटी लिहिलंय, ती खोली कुठे? आयुष्मान कार्ड गावीच राहिलं, आता काय? अलीराजपूरकडचा एक तरुण बायकोच्या रक्ताची नळी मुठीत धरून दीड तास चुकीच्या खिडकीसमोर उभा होता. भिलाली बोलायचा, हिंदीत विचारायची लाज. त्याला लॅबपर्यंत न्यायला मला चार मिनिटं लागली. संध्याकाळी माझ्या टेबलावर रुमालात बांधलेल्या शेंगा होत्या.

आधी अधीक्षकांची परवानगी घ्या. मग दर आठवड्याला ठरलेल्या वारी, त्याच वॉर्डाबाहेर बसा. चेहरा ओळखीचा झाला की लोक विचारतात. लेकीला आत नेऊ नका, संसर्गाची भीती असते. ती घरी पिशव्या भरेल: साबण, कंगवा, पेन, कपडे वाळत घालायला सुतळी. पेन सगळ्यात आधी संपतं.

आपल्या भागातल्या कॅथोलिक धर्मभगिनी सिस्टर राणी मारिया आठवा. उदयनगरला त्यांनी गरीब आदिवासींना सावकाराच्या तावडीतून सोडवायला बँकेचं कर्ज, सरकारी योजना, हक्क हे सगळं समजावून सांगितलं. 25 फेब्रुवारी 1995 ला इंदूरला येताना बसमधेच त्यांचा खून झाला. 2017 मध्ये इंदुरातच त्यांना धन्यवादित (संतपदाआधीची पायरी) घोषित केलं, मी त्या गर्दीत होते. कागद समजावून सांगणं हीसुद्धा सेवाच आहे हो.

रामबागकर
मी ख्रिस्ती नाही, पण लिहावंसं वाटलं. आई अकरा दिवस भरती होती तेव्हा एक बाई रोज चारला यायच्या. "दादा, तुम्ही जेवून या, मी बसते." एवढंच बोलायच्या. नाव कधी सांगितलं नाही, गळ्यात लहानसा क्रूस होता. त्या अकरा दिवसांत मी जे काही गरम जेवलो ते त्यांच्यामुळे. एक विनंती: मदतीबरोबर पत्रकं देऊ नका. त्या अवस्थेतल्या माणसाला नाही म्हणता येत नाही.

फतेहगंजहून
वडोदऱ्याहून लिहितोय. पूर्वी गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, नाताळाआधीचा उपास संत मार्टिनच्या सणापासून, 11 नोव्हेंबरपासून धरत. आमिआंच्या वेशीवर थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला याच मार्टिनने आपला झगा तलवारीने चिरून अर्धा दिला, अशी कथा आहे. मला तो उरलेला अर्धा महत्त्वाचा वाटतो. तो पांघरून त्यालाही थोडी थंडी वाजलीच असणार. आमच्या घरी या चार आठवड्यांत बुधवार-शुक्रवारी एक वेळ जेवतो आणि वाचलेले पैसे डब्यात टाकतो. तुमची सुतळी-पेनं त्यातून येतील. रामबागकरांच्या पत्रकांच्या मुद्द्याला माझा पूर्ण दुजोरा.

छावणीतली_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. काल अधीक्षकांना भेटले, दर बुधवारी तीन ते पाच बसायची परवानगी मिळाली. लेकीने चाळीस पेनं मोजून ठेवलीत, प्रत्येक चालतंय का ते वहीवर गिरवून बघितलं. तो फोटो ग्रुपवरून काढायला सांगितला, काढला. त्या आजी आता भेटायच्या नाहीत, हे मात्र मनातून जात नाही.

सिस्टरताई, "तुम्ही जेवून या, मी बसते" हे भिलालीत कसं म्हणायचं? बुधवारच्या आत सांगाल का?