चेंडू थरथरतो, कारण टप्पे संपतच नाहीत
संगणकावर उसळणाऱ्या चेंडूची नक्कल (सिम्युलेशन) करताना दर टप्प्याला वेग ०.८ ने गुणायचा, असं सांगतात ते बरोबरच. पण शेवटी चेंडू जमिनीवर थरथरतो त्यावर 'टाइमस्टेप (म्हणजे गणिताच्या दोन पायऱ्यांमधला वेळ) लहान करा' हा सुचवला जाणारा उपाय मला पटत नाही. १ मीटरवरून सोडलेला चेंडू ०.४५ सेकंदात खाली येतो, पहिली उडी ०.७२ सेकंदांची, आणि पुढची प्रत्येक उडी आधीच्या ०.८ पट. सुरुवातीचे ०.४५ सेकंद धरून या भूमितीय श्रेणीची बेरीज येते सुमारे ४.०७ सेकंद. म्हणजे तेवढ्या वेळात अनंत टप्पे! स्टेप कितीही बारीक करा, शेवटचे टप्पे तिच्यातून निसटणारच. वेग ठरावीक मर्यादेखाली गेला की चेंडू सरळ थांबवायचा, एवढंच.

आणि ०.८ हा आकडा अंदाजाने कशाला घ्यायचा? मी टेबल टेनिसचा चेंडू फरशीवर सोडून फोनवर आवाज रेकॉर्ड केला. लागोपाठच्या टक्-टक् मधल्या वेळांचं गुणोत्तर म्हणजेच हा गुणांक. उंचीवरून काढायचा तर वर्गमूळ घ्यावं लागतं, शिवाय चेंडू नेमका कुठवर गेला ते डोळ्याला धड दिसत नाही. सुरुवातीची एकदोन गुणोत्तरं मात्र जरा कमी आली. इतक्या हलक्या चेंडूला वेगात असताना हवेचा विरोध चांगलाच जाणवतो.