नवकंकरीत तुम्हाला कोणी हरवलंय?

गणपतीला गावी गेलो होतो, दापोली तालुक्यात. देवळाच्या ओवरीत जांभ्यावर कोरलेला नवकंकरीचा पट आहे. एकात एक तीन चौकोन आणि त्यांच्या बाजूंचे मध्य जोडणाऱ्या चार रेघा. तेलाने काळा पडलाय, पण बोट फिरवलं की खाचा अजून लागतात.

नियम पाच मिनिटांत शिकता येतात. 24 जागा, प्रत्येकाच्या 9 कंकऱ्या, त्या आळीपाळीने मांडायच्या. एका रेघेवर आपल्या तीन आल्या की समोरच्याची एक उचलायची. सगळ्या मांडून झाल्या की शेजारच्या रिकाम्या जागी सरकायचं. ज्याच्या दोनच उरल्या किंवा ज्याला हलायला जागाच राहिली नाही, तो हरला. एवढंच. तरी आजोबांनी मला दोन मे महिने एकदाही जिंकू दिलं नाही. मी तीन जुळवण्यामागे असायचो, ते माझ्या वाटा मोजत असायचे. कोपऱ्यातल्या कंकरीला दोनच वाटा. बाहेरच्या आणि आतल्या चौकोनाच्या मध्यावर तीन. मधल्या चौकोनाच्या चार मध्यांवर चार-चार. आजोबांची पहिली कंकरी कायम त्या चारांपैकी एकीवर. हे मला त्यांनी सांगितलं नाही, तिसऱ्या वर्षी माझं मलाच दिसलं. त्या दुपारी पहिल्यांदा डाव मोडला, म्हणजे बरोबरीत सुटला. ते काही बोलले नाहीत, फक्त दुसरा डाव मांडायला घेतला.

वाघ-शेळी, सारीपाट, कॅरम, कुठलाही पट चालेल. तुम्हाला खेळ खऱ्या अर्थाने कोणी शिकवला, ते लिहा.

*

मालवण. माझी आत्या. दुपारी मासळी निवडून झाली की ओटीवर खडूने नवकंकरीचा पट आखायची. तिच्या शिंपल्या, माझ्या काजूच्या बिया. तिचा एक डाव मला अजून पाठ आहे: दोन रेघा शेजारी-शेजारी अशा धरायच्या की एकच शिंपली इकडून तिकडे सरकवली की एक रेघ सुटते आणि दुसरी जुळते. म्हणजे दर खेळीला माझी एक बी जाणार. ते जुळून आलं की ती हात मांडीवर ठेवून म्हणायची, "आता खंय जातलंस?" मी रडलो तरी डाव पुरा करायला लावायची. अर्ध्यावर उठलेलं तिला अजिबात खपत नसे, आणि त्याबद्दल मी तिचा फार ऋणी आहे. अशी जोडरेघ मांडून व्हायच्या आतच मोडावी लागते, नंतर उपाय नाही.

*

आमच्याकडे देवगडला वाघ-शेळी. तीन वाघ, पंधरा शेळ्या. सगळ्या पोरांना वाघ हवा असतो, मला काकूने मुद्दाम शेळ्याच दिल्या. वाघ उडी मारतो ती शेळीच्या पलीकडची जागा रिकामी असली तरच. म्हणून एकही शेळी पाठ उघडी टाकून पुढे काढायची नाही, कडेकडेने सरकायचं. शेळ्यांनी जिंकता येतं हे कळायला मला सातवीपर्यंत वेळ लागला.

*

वर डाव मोडल्याचं लिहिलंय त्यावरून. माझे आजोबा आणि शेजारचे खोत रोज संध्याकाळी नवकंकरी खेळायचे आणि बहुतेक डाव मोडायचे. आम्हा मुलांना वाटे, दोघेही भिऊन खेळतात. पुढे संगणकशास्त्र शिकताना वाचलं की राल्फ गासर यांनी 1993 मध्ये हा खेळ पूर्ण सोडवला: दोघांनीही चूक केली नाही तर डाव बरोबरीतच सुटतो. त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो. आजोबा तेव्हा हयात नव्हते. त्यांना हे सांगायला हवं होतं.

*

रत्नागिरी, कॅरम. पावसाळ्यातली वाडीची स्पर्धा. हवेतल्या ओलीने बोर्ड जड होतो, म्हणून वर दिवा टांगून तो तापवत ठेवायचा आणि बोरिक पावडर जपून मारायची. फायनलला समोर एसटीतले एक ड्रायव्हरकाका. त्यांचे 22, माझे 19. गेम 25 चा. गुण 22 झाले की राणीचे 3 मिळत नाहीत, त्यामुळे राणी त्यांच्या कामाची नाही असं मी धरून चाललो आणि माझ्या सोंगट्या काढत बसलो. काकांनी सोपी सोंगटी सोडून आधी राणी घेतली आणि कव्हर केली. त्यांना ती नको होती, मला मिळू द्यायची नव्हती. राणीसकट बोर्ड मारला असता तर काकांच्या उरलेल्या तीन सोंगट्यांचे 3 आणि राणीचे 3 मिळूनही माझे 25 झाले असते. त्यानंतर माझा हात बिघडला. बोर्ड संपला तेव्हा माझ्या चार सोंगट्या शिल्लक होत्या. घरी निघताना त्यांनी मला थांबवून सांगितलं, "बाळा, नेम तुझा माझ्यापेक्षा चांगला आहे. पण तू माझा आकडा बघत नाहीस." तेव्हापासून प्रत्येक बोर्डाआधी मी दोघांचे गुण मनात म्हणतो.

*

वेंगुर्ला. बाबांना दीड वर्षापूर्वी पक्षाघात झाला. उजवा हात गेला, बोलणं जवळजवळ गेलं. दिवाळीत सहज पाटावर नवकंकरी आखली आणि चिंचोके ठेवले. त्यांनी डाव्या हाताने पहिला चिंचोका उचलून सरळ मधल्या चौकोनाच्या मध्यावर ठेवला. आता रोज चहानंतर एक डाव होतो. मी चुकीचा चिंचोका उचलला की ते बोटाने पाटावर दोनदा टकटक करतात. माझ्या लहानपणी ते "मांड परत" म्हणायचे, ते हेच.