नाशिकच्या उन्हात कोणती कोंबडी टिकेल?

निफाडकर: घरामागं जागा आहे, दहा-बारा कोंबड्या पाळायच्यात, अंडी घरापुरती. पण मे महिन्यात पारा चाळीसला टेकतो, तर गावरान घ्यावी, वनराज की कडकनाथ? आणि खरा कडकनाथ ओळखायचा कसा, बाजारात कुठलंही काळं पिल्लू कडकनाथ म्हणून देतात.

सिन्नरची ताई: दादा, पिल्लं घरीच काढायची असतील तर गावरानच घ्या. खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसली की २१ दिवस अंडी सोडत नाही आणि नंतर पिल्लांना घारीपासून काय जपते, बघत राहावंसं वाटतं! कडकनाथ सहसा खुडूक बसत नाही, तिची अंडी गावरानखाली ठेवावी लागतात. वनराज वजनाला चांगली पण संकरित, तिची पिल्लं तिच्यासारखी निघतीलच असं नाही.

मखमलाबादकर: कडकनाथ नुसत्या पिसांवरून घेऊ नका. पिसं बाजूला करून कातडी बघा, चोच उघडून जीभ बघा, तुरा, पाय सगळं काळपट हवं. तुरा लालभडक दिसला तर भेसळ समजा. अंडं मात्र काळं नसतं, फिक्कट तपकिरी असतं.

ओझरवाला: उघड्या मानेच्या गावरान मिळाल्या तर सोडूच नका, मानेवर पिसं नसल्यानं अंगातली उष्णता लवकर निघते. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते, म्हणून दुपारी सावली आणि गार पाणी पाहिजेच, खाद्य सकाळ-संध्याकाळ द्या. आणि मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा लस पिल्लांना पहिल्याच आठवड्यात.

निफाडकर: मग गावरानच. कोंबडा एक पुरे का?

सिन्नरची ताई: हो, पण दुसऱ्या घरचा आणा, एकाच घरातले भाऊबहीण नकोत.