मदत हवी आहे: समांतर रेषांतला कोन ११० येतोय, उत्तर ३४ छापलंय

सातरस्ता८६: उद्या सकाळी पेपर आहे, लवकर सांगा. अब ∥ कड. ∠बअप = ७२°, ∠डकप = ३८°, तर ∠अपक काढा. प मधून समांतर रेषा काढली, ७२ + ३८ = ११० आलं. मागं उत्तर ३४ दिलंय. छपाईची चूक आहे ना?

छेदिका: आकृती टाका. प बिंदू कुठं आहे?

सातरस्ता८६: फोटो चढत नाही ओ. नेहमीचीच आकृती आहे.

छेदिका: नेहमीच्या दोन आहेत. तुमचे दोन्ही कोन लघु आहेत. प दोन रेषांच्या मध्ये असेल तर बेरीज, बाहेर असेल तर वजाबाकी. ७२ − ३८ = ३४, म्हणजे तो बाहेर असणार. कड च्या खाली आहे का बघा.

होटगीरोडकर: कोनमापक लावून मोजा की! एवढं काय त्यात.

छेदिका: छापील आकृती मापात नसते, नुसती कच्ची असते. शिवाय कारण लिहिल्याशिवाय गुण कोण देणार?

शेंगाचटणी: कोन विशाल असले तर तिघांची बेरीज ३६०. १३० आणि १२० दिले असतील तर मधला ११०. हे पाठच करून ठेवा.

बाह्यकोन: विशाल कुणी विचारलेत इथं?

सातरस्ता८६: हो, प कड च्या खालीच आहे. अप ही कड ला मध्ये कापते. पण मग माझी समांतर रेषा का चुकली?

छेदिका: आधीच सांगितलं असतं तर! रेषा बरोबर आहे, बेरीज चुकली. प मधून डावीकडं किरण पल काढा, अब ला समांतर. ∠अपल = ७२ आणि ∠कपल = ३८, दोन्ही व्युत्क्रम कोनांमुळं (समांतर रेषांच्या आतले, कापणाऱ्या रेषेच्या विरुद्ध बाजूंचे कोन, ते समान असतात). आता पअ आणि पक दोन्ही पल च्या वरच्याच बाजूला आहेत. म्हणजे ३८ चा कोन ७२ च्या पोटात बसलाय, म्हणून वजा. प मध्ये असता तर एक किरण वर, एक खाली गेला असता आणि बेरीज झाली असती.

बाह्यकोन: जादा रेषा काढायचीच कशाला? अप जिथं कड ला छेदते तो बिंदू म धरा. ∠डमप = ∠बअप = ७२, संगत कोन (दोन्ही समांतर रेषांवर एकाच जागी येणारे, म्हणून समान). हाच त्रिकोण कमप चा बाह्यकोन. बाह्यकोन म्हणजे दूरस्थ (शेजारचा सोडून उरलेल्या दोन) आंतरकोनांची बेरीज, म्हणून ७२ = ३८ + ∠मपक. दोन ओळींत ३४.

छेदिका: प रेषांच्या मध्ये असला की तुमचा म मिळतच नाही, अप आधी वाढवून घ्यावी लागते. माझी रेषा दोन्हीकडं चालते.

बाह्यकोन: वाढवायला पट्टी लागते, बाकी काय? पण एक सांभाळा. बरेच जण ∠कमप लाच ७२ लिहितात, मग १८० − ७२ − ३८ = ७० येतं. तो कोन १०८ आहे, ७२ शी रेषीय जोडीतला (एका रेषेवरचे शेजारी, मिळून १८०). बहुपर्यायी प्रश्नात ७० हा पर्याय मुद्दाम ठेवतात.

होटगीरोडकर: नवी पेठेत चांगला कोनमापक कुठल्या दुकानात मिळेल? कंपासपेटीतल्याचे आकडे पुसले जातात.

छेदिका: @सातरस्ता८६, एक राहिलं. अब ∥ कड हे प्रश्नात लिहिलंय की आकृतीवरून धरलंय? रेषांवर बाणखुणा नसतील आणि प्रश्नातही नसेल, तर संगत आणि व्युत्क्रम दोन्ही वापरता येत नाहीत.

सातरस्ता८६: बाणखुणा आहेत. बाह्यकोनानं ३४ आलं. आता त्याच पानावरचा पाचवा: त्रिकोणाचा एक कोन ४७, बाह्यकोन ११२, उरलेले काढा. एक ६५ की ६८?

बाह्यकोन: ११२ शेजारचा कोन ६८. ४७ दूरचा असेल तर तिसरा ११२ − ४७ = ६५. म्हणजे दोन्ही हवेत, एक ६५ आणि एक ६८.

शेंगाचटणी: समद्विभुज असला तर?