प्रश्नमंजुषा प्रश्न ७ : निकालाबाबत

ए-२०३ (सानूची आई): कमिटीला नम्र विनंती. काल सानूचं उत्तर चूक धरलंत. प्रश्न होता १११११११११ चा वर्ग. तिने १२३४५६७८९८७६५४३२१ लिहिलं. तुमच्या उत्तरपत्रिकेत १२३४५६७८९८७६५४३०० आहे. शेवटी शून्य कसं येईल?

सेक्रेटरी: वहिनी, लॅपटॉपवर शीटमध्ये काढलंय. निकाल जाहीर झालाय. 🙏

बी-४०२: विषमला विषमने गुणलं की उत्तर विषमच. शून्य येणारच नाही.

सी-१०१: लॅपटॉप तोच का, ज्यावर मेंटेनन्सची बिलं बनतात? 😄

सेक्रेटरी: बिल अजून सतरा आकडी झालेलं नाही. आणि तुमचं दोन महिन्यांचं बाकी आहे, ग्रुपवर बोलायला लावू नका.

सी-१०१: लीकेज काढून द्या, लगेच भरतो.

बी-४०२: विषम गुणिले विषम, विषम.

ए-५०१ (जोशी सर): अहो, शीट पंधराच आकडे धरते, पुढे शून्यं टाकते. ही संख्या सतरा आकडी. कागदावर करा. नऊ एक लिहा, त्याखाली तेच एक घर डावीकडे सरकवून, अशा नऊ ओळी. उजव्या टोकाच्या रकान्यात एकच १, पुढच्यात दोन, मधल्यात नऊ, मग उतरत परत एक. हातचा कुठेच येत नाही, म्हणून आकडे असे चढतात-उतरतात. दहा १ घेऊन बघा, मधे हातचा येतो आणि डौल जातो: १२३४५६७९००९८७६५४३२१.

बी-१०४: सर, शाळेत असं कोणी सांगितलं असतं तर मी कॉमर्सला गेलो नसतो.

ए-३०४: एमएच ०५ पांढरी गाडी कोणाची? जिन्यासमोर लावलीये.

ए-५०१ (जोशी सर): आणि ही आपल्या गावची संख्या आहे! देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी अशा संख्यांना 'डेम्लो' म्हटलं, ते आपल्या डोंबिवली स्टेशनच्या जुन्या नावावरून; कल्पना त्यांना तिथेच सुचली. ६१७४ हा 'कापरेकर स्थिरांक' शोधणारे तेच.

सी-१०१: म्हणजे ८:१४ ची फास्ट हुकली तर मीही संख्या शोधू?

ए-५०१ (जोशी सर): सानूच्या उत्तरातल्या अंकांची बेरीज ८१, आणि त्या संख्येला ८१ ने निःशेष भाग जातो. अशा संख्यांना कापरेकर 'हर्षद' म्हणत.

ए-२०३ (सानूची आई): सर, आभार. पण हर्ष आमच्या घरी नाहीये. पोरगी रात्री जेवली नाही. अर्ध्या गुणाने पहिला नंबर गेला.

बी-४०२: मी सकाळपासून सांगतोय. विषम गुणिले विषम.

सेक्रेटरी: कळलं हो काका. गेल्या वर्षी परीक्षक व्हा म्हटलं तर गावी गेलात.

बी-४०२: बारसं होतं नातवाचं! पत्रिका दिली होती तुम्हाला.

ए-२०१: आमच्या अथर्वचं बक्षीस परत घेणार का? त्याने वर्गात दाखवलंय. स्पष्ट सांगा.

ए-२०३ (सानूची आई): अथर्वबद्दल काहीच म्हणणं नाही ताई. फक्त सातव्या प्रश्नाला त्याने काय लिहिलं होतं?

ए-३०४: पांढरी गाडी!!

सेक्रेटरी: त्याने तो प्रश्न सोडला होता. ठीक आहे, सानूला गुण देतो. पहिला क्रमांक दोघांना. स्टीलचा एक डबा ऑफिसात शिल्लक आहे.

सी-१०१: तो मागच्या वर्षीचा? त्याचं झाकण बसत नाही.