सण एकाच दिवशी, रस्ता एकच : तारखा, मार्ग, आवाज आणि ताट

हिंदू-मुस्लिम सण एकाच दिवशी आले आणि राजकारण तापलेलं असलं की "आपापल्या घरात करा काय ते" असं म्हणणं सोपं असतं. पण सण उघड्यावर, रस्त्यावर, शेजाऱ्यांसमोर साजरा होण्यात मजा आहे आणि तो प्रत्येकाचा हक्कही आहे. ज्यांनी मंडळात, मशिदीच्या ट्रस्टमध्ये, पथकात किंवा शांतता समितीत काम केलं आहे, त्यांनी इथे लिहावं. किस्से नकोत. काय करतात, किती आधी करतात, कुठे अडतं आणि का, तेवढंच.

पंचांग बघणारा, पुणे

आधी तारखा. मुसलमानांचं हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं आणि त्यात अधिक महिना नाही. आपलं पंचांग साधारण तीन वर्षांनी अधिक मास घालून ऋतूला धरून राहतं. म्हणून दोन अधिक मासांच्या मधल्या काळात महिन्यांची एक जोडी टिकते आणि मग बदलते. २०१८ ते २०२० भाद्रपद आणि मोहरम बरोबर होते. २०२३ ते २०२५ भाद्रपद आणि रबी-उल-अव्वल. हिजरी महिना चंद्र दिसल्यावर लागतो, त्यामुळे रबी-उल-अव्वलची १२ तारीख, म्हणजे ईद-ए-मिलाद, आपल्या त्रयोदशी-चतुर्दशीच्या आसपास पडते. ईद-ए-मिलाद तीन वर्षं अनंत चतुर्दशीला खेटून आली ती यामुळे, कुणी मुद्दाम आणली नाही. आषाढी एकादशी २०२२ आणि २०२३ ला बकरी ईदच्याच दिवशी होती, तर २०२४ आणि २०२५ ला मोहरमच्या दहाव्या दिवशी. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आला की जोडी सुटते: अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला, ईद-ए-मिलाद त्याच्या महिनाभर आधी, नारळी पौर्णिमेच्या सुमारास.

पाच वर्षांचा तक्ता एकदाच करून मंडळाच्या आणि मशिदीच्या फळ्यावर लावा. हिजरी तारखेपुढे "एक दिवस मागेपुढे" असं लिहायला विसरू नका. चंद्र दिसायच्या आधी तारीख टाकून फ्लेक्स छापला की तो हमखास बदलावा लागतो.

जुलूस समिती, मुंबई

भायखळ्याच्या खिलाफत हाउसपासून निघणारा ईद-ए-मिलादचा जुलूस (मिरवणूक) २०२३ मध्ये २८ सप्टेंबरऐवजी २९ ला निघाला, कारण २८ ला विसर्जन होतं. २०२४ मध्ये तो १८ सप्टेंबरला नेला आणि मुंबईतली सरकारी सुट्टीही १६ वरून १८ ला सरकली. हे जमतं, कारण जुलूसाचा दिवस ही प्रथा आहे. फातिहा, मिलादची मजलिस, रोषणाई ज्या त्या तारखेलाच होते, रस्त्यावरचा भाग तेवढा पुढे जातो. विसर्जन मात्र तिथीला बांधलेलं.

दोन गोष्टी सांभाळा. निर्णय जुलूस काढणाऱ्यांनी घ्यावा आणि त्यांनीच आधी जाहीर करावा. कुठल्याही पक्षाच्या पुढाऱ्याच्या तोंडून तो पहिल्यांदा बाहेर आला की पोरांना वाटतं, आपल्याला मागे सारलं. आणि जिथे एक बाजू तारीख बदलते तिथे दुसऱ्या बाजूने मांडव, कमानी आणि आडव्या तारा जुलूसाच्या आदल्या रात्रीपर्यंत उतरवल्या पाहिजेत. दर वेळी एकानेच सरकायचं असं ठरलं तर समजूतदारपणा फार दिवस टिकत नाही.

जमातीचं काम बघणारा, सांगली जिल्हा

एकादशी आणि बकरी ईद एकत्र आली तेव्हा राज्यात ठिकठिकाणी जमातींनी (गावच्या मुस्लिम समाजाने) कुर्बानी दुसऱ्या दिवशी केली. शरियतमध्ये त्याला वाव आहे: हनफी पद्धतीत १० ते १२ जिलहिज (बकरी ईदचा महिना) असे तीन दिवस, कोकणातल्या शाफई लोकांत १३ पर्यंत. ईदची नमाज मात्र ईदच्याच सकाळी होते.

अडतं ते निरोपात. ईदच्या आधीच्या जुम्म्याला (शुक्रवारी) मशिदीतून जाहीर केलं नाही तर निम्मी घरं पहिल्याच दिवशी कापतात. कसायाची वेळ आधी बदलून घ्या. दुसऱ्या दिवशी गर्दी दुप्पट होते, तेव्हा गल्लीवार क्रम लावा. मांस झाकून नेण्यासाठी डबे, कातडी-आतड्यांसाठी नगरपालिकेची गाडी किती वाजता, हे लेखी घ्या. ही गाडी उशिरा येते आणि तक्रार सणाच्या नावाने होते.

आमच्याच जिल्ह्यात वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडीत गणपती मशिदीतच बसतो. बकरी ईद त्या दिवसांत आली तेव्हा गावाने कुर्बानी टाळली.

ताशावाला, ढोल पथक

मशिदीपुढे वाद्य हा वाद १८९० च्या दशकापासूनचा आहे. भाषणांनी तो मिटत नाही, घड्याळाने मिटतो. सप्टेंबरच्या मध्यात मुंबई-पुण्याकडे सूर्यास्त साडेसहा-पावणेसातला. मगरिबची (सूर्यास्ताच्या नमाजाची) अजान तेव्हाच, आणि नमाजाची रांग लगेच उभी राहते. म्हणजे मिरवणूक सहाच्या आत मशीद ओलांडून गेलेली असावी, नाहीतर सातनंतर यावी. शुक्रवारी दुपारी एक ते दोन टाळा.

थांबायचा इशारा पुढच्या झेंडेवाल्याला देतात, तिथेच चूक होते. तो हात वर करतो, पहिली रांग थांबते, पण मागच्या ढोलवाल्यांना तो दिसतच नाही. ते ताशावर चालतात. ताशाची तर्री (सलग कडकडाट) उठत राहिली की ढोल पडत राहतो आणि बघणाऱ्याला वाटतं मुद्दाम वाजवतायत. इशारा मुख्य ताशेवाल्याला द्या. त्याने तर्री तोडली की दोन ठेक्यांत सगळं पथक शांत होतं. त्याच्याजवळ मशिदीतला एक माणूस उभा असला तर उत्तम.

मशिदीसमोर अडण्याचं दुसरं कारण, मंडळांमधलं अंतर. पुढच्या मंडळाची गाडी चौकात अडकली की मागची सगळी मंडळं नेमकी मशिदीसमोर येऊन उभी राहतात. मशिदीच्या दोन्ही बाजूंचा टप्पा मोकळा ठेवा. पुढचं मंडळ तो ओलांडेपर्यंत मागच्याने आत शिरू नये.

शांतता समिती सदस्य

भोंग्याचा नियम सगळ्यांना एकच. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर बंद. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. ती यादी जिल्हाधिकारी कार्यालयातून आधी मिळवा. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. दवाखाना, शाळा, कोर्टाभोवती सरकारने शांतता क्षेत्र जाहीर केलं असेल तर ते किमान १०० मीटरचं. मोजणी अजानचीही करा आणि आरतीचीही, एकाच यंत्राने, दोन्हीकडची माणसं उभी करून. त्यानंतर वाद कमी होतो, कारण आकडा दोघांनी पाहिलेला असतो.

शांतता समितीची बैठक सणाच्या आदल्या दिवशी पोलीस ठाण्यात चहा पिऊन उरकतात. ती निरुपयोगी. महिनाभर आधी बसा, मार्गावर पायी फिरा, आणि गल्लीवार दोन-दोन माणसांचे फोन नंबर वाटा. अफवेचा व्हिडिओ आला की प्रश्न एकच: कुठली गल्ली? त्या गल्लीतल्या माणसाला फोन लावून तिथला ताजा फोटो मागवायचा आणि त्याच ग्रुपवर टाकायचा. "अफवांवर विश्वास ठेवू नका" हा संदेश कुणी वाचत नाही.

निवडणुकीच्या वर्षात देवळाच्या आणि मशिदीच्या दाराच्या टप्प्यात कुठल्याच पक्षाची कमान नको, शुभेच्छांचीसुद्धा. ठराव लेखी करा, मंडळ आणि मशीद, दोन्हीकडच्या अध्यक्षांच्या सह्या घ्या. गाण्यांची यादीही त्यालाच जोडा. डीजेवाल्याला आगाऊ रक्कम देताना तीच यादी हातात द्या.

स्वयंपाकघरातून, सोलापूर

ताटाचंही लिहिते. मोहरमचे चोंगे गव्हाच्या पिठाचे आणि गुळाचे, ते एकादशीच्या उपासाला चालत नाहीत. त्या दिवशी शेजारी खजूर आणि दुधाचं सरबत द्या, चोंगे द्वादशीला. शिरखुर्म्यात मांस नसतं, पण शेवया गव्हाच्या, म्हणून उपास असेल तर तोही नाही. गणपतीत जैन शेजाऱ्यांचं पर्युषण असू शकतं. प्रसादाच्या भाजीत कांदा-लसूण तर नाहीच, बटाटाही घालू नका. आणि डबा देताना आत काय आहे ते तोंडी सांगा, लोक विचारायला संकोचतात.