जुन्या डिझेल एसयूव्हीच्या इंजिनाची देखभाल: स्वतः करावी की मिस्त्रीवर सोडावी?

स्कॉर्पिओ_कांजूर (धागाकर्ता)

वॉरंटी संपलेली, दहा-बारा वर्षं वापरलेली डिझेल एसयूव्ही मुंबईत चालवायची असेल तर इंजिनाची नियमित देखभाल मालकाने स्वतःच्या हातांनी केली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. ऑइल आणि त्याचा फिल्टर, एअर फिल्टर, डिझेल फिल्टरच्या तळाचं पाणी, कूलंट, फॅन बेल्ट, होज पाइप, बॅटरीचे टर्मिनल. यातल्या एकाही कामासाठी इंजिन खोलावं लागत नाही.

पैसे थोडे वाचतात, पण माझं मुख्य कारण वेगळं आहे. वर्कशॉपला फक्त किलोमीटर दिसतात. संध्याकाळी सातला जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर गाडी अडकली की मीटर जेमतेम सरकतो, इंजिन मात्र तासभर चालूच असतं. बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत कठीण वापरासाठी वेगळा तक्ता असतो: सतत ट्रॅफिक, जवळजवळच्या फेऱ्या, धूळ. मुंबईतली जवळपास प्रत्येक गाडी त्याच तक्त्यात बसते आणि तिथे ऑइल बदलायचं अंतर कमी दिलेलं असतं. तरी काचेवरच्या स्टिकरवर पुढच्या सर्व्हिसिंगचा आकडा नेहमीच्या तक्त्यातलाच येतो. गाडी खरी किती राबली हे मालकालाच माहीत असतं.

ऑइलचं बघा. डिझेल इंजिनात नवीन ऑइल टाकलं तरी ते लवकरच काळं पडतं, त्यामुळे रंगावरून काही ठरवता येत नाही. पातळी बघायची. ती उतरली तर ऑइल कुठेतरी जळतंय किंवा गळतंय. चढली तर जास्त गंभीर, कारण डिझेल किंवा कूलंट ऑइलमध्ये उतरतंय. वर्षातून एकदा सर्व्हिसिंगला गाडी टाकणाऱ्याला हे वेळेत कळणारच नाही. कूलंटची बाटली जरा खाली दिसली की नळाचं पाणी ओतायची सवय तर सर्रास आहे. त्याने कूलंट पातळ होतं, गंज रोखण्याची त्याची ताकद जाते, रेडिएटरमध्ये क्षार साचतात आणि एके दिवशी घाटात इंजिन तापून ॲल्युमिनियमचं हेड (सिलिंडरवरचं झाकण) वाकतं.

माझी गाडी २०१२ची आहे. २०२७ला पंधरा वर्षं पूर्ण होतील, तेव्हा पासिंग करून पुढची पाच वर्षंही तीच चालवायची आहे. वेगळं मत असेल तर जरूर मांडा.

भांडुपचा_मिस्त्री

दादा, बघणं आणि करणं ही दोन कामं तुम्ही एका ओळीत लिहिलीत. पातळी बघा, होज दाबून बघा, त्याबद्दल वादच नाही. पण ऑइल बदलायला गाडीखाली जावं लागतं आणि तिथे माझा स्पष्ट विरोध आहे. सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर जॅक लावला की ब्लॉक खचतो. जड एसयूव्ही नुसत्या जॅकवर उचलून खाली शिरणं म्हणजे जिवाशी खेळ. घोड्या (गाडी पेलून धरणारे जॅक स्टँड) लावल्याशिवाय आम्हीही खाली जात नाही.

गाडीचं नुकसान होतं ते वेगळं. चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा, बोल्ट जास्त आवळला की आटे जातात. जुन्या ऑइल फिल्टरचं रबर कधीकधी ब्लॉकला चिकटून राहतं, त्यावरच नवीन फिल्टर बसवला तर इंजिन सुरू केल्यावर बघता बघता ऑइल बाहेर येतं. डिझेल फिल्टर बदलताना लाइनमध्ये एअर धरली की गाडी सुरू होत नाही आणि लोक स्टार्टर मारून मारून बॅटरी उतरवतात. कूलंट भरताना एअर नीट काढली नाही तर बाटली भरलेली दिसते आणि हेड तापत राहतं. असं होऊन टोइंगवरून आलेल्या गाड्या मी उघडल्या आहेत.

आणि एक गोष्ट सगळ्यांनी ध्यानात ठेवा. कॉमन रेलच्या, म्हणजे नोझलना डिझेल पुरवणाऱ्या, हाय प्रेशर पाइपला इंजिन चालू असताना हात लावू नका. आत हजार बारच्या पुढे दाब असतो. सुईएवढ्या भोकातून उडालेलं डिझेल कातडीतून आत शिरतं. वरून बारीकसा ठिपका दिसतो, पण आतली इजा मोठी असते आणि लगेच हॉस्पिटल गाठावं लागतं.

दहिसर_चेकनाका

मिस्त्री, सगळे तुमच्यासारखे नसतात. मी मोठ्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिसिंगला गाडी द्यायचो. एकदा एअर फिल्टरच्या कडेला पेनाने बारीक खूण करून ठेवली. बिलात नवीन फिल्टरचे पैसे लागले आणि डबा उघडला तर खुणेसकट जुनाच फिल्टर आत. त्या दिवसापासून एअर फिल्टर, केबिन फिल्टर आणि ऑइल मी स्वतःच बदलतो. एअर फिल्टरला बहुतेक गाड्यांत चार क्लिपा किंवा स्क्रू असतात. यात शिकण्यासारखं अवघड काय आहे?

हत्यारांची काळजी असेल तर नागदेवी स्ट्रीटला एक फेरी मारा. सॉकेट सेट, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच आवळता येणारा पाना), फिल्टरचा पाना सगळं हाताळून घेता येतं. टॉर्क रेंच असेल आणि आकडा पुस्तिकेतला वापरला तर आटे जायचा प्रश्नच येत नाही.

चेंबूर_सचिव

मी एका सोसायटीचा सचिव म्हणून लिहितो. कंपाउंडमध्ये गाडीचं काम करायला आमच्याकडे बंदी आहे आणि ती मी उठवू देणार नाही. कुणीतरी रविवारी ऑइल काढतं, थोडं सांडतं, त्यावर पाणी मारलं की ते पावसाळी गटारात जातं आणि तिथून खाडीत. काही जण तर कॅनच गटारात रिकामा करतात. घातक कचऱ्याच्या २०१६च्या नियमांत वापरलेलं ऑइल येतं. ओल्या-सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकायची ती वस्तू नाही.

कूलंटच्या विषाबद्दल कुणीच लिहिलं नाही. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. कंपाउंडमधली मांजरं-कुत्री ते चाटतात आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. गाडी तुमची आहे, पण जमीन सगळ्यांची आहे.

स्कॉर्पिओ_कांजूर

सचिवसाहेब, तुमचा हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. मी पसरट ट्रेमध्ये ऑइल काढतो, झाकणाच्या कॅनमध्ये भरतो आणि ओळखीच्या गॅरेजला नेऊन देतो. त्यांच्याकडून ते अधिकृत पुनर्प्रक्रियेला जातं, याची खात्री मी आधी करून घेतली. ज्याला इतकं करायचं नसेल त्याने ऑइल काढूच नये. पण काही जण गटारात ओततात म्हणून सगळ्यांवर बंदी, हे पटत नाही. सोसायटीने एका कोपऱ्यात काँक्रीटचा पट्टा आणि खाली ट्रे सक्तीचा केला तर दोन्ही साधेल.

मिस्त्री, घोड्यांबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. काँक्रीट, घोड्या आणि मागच्या चाकांना ओट (चाक सरकू न देणारी पाचर), हे तिन्ही नसेल तर खाली जायचं नाही.

चालवते_मी

तुम्हा सगळ्यांकडे बंद कंपाउंड आणि पार्किंग आहे असं दिसतंय. आमची गाडी गिरगावात रस्त्यावर उभी असते. जिथे जागा मिळेल तिथे, कधी दोन गल्ल्या सोडून. तिथे घोड्या लावू कुठे? स्वतः देखभाल करा हा सल्ला जागा असणाऱ्यांनी जागा असणाऱ्यांना दिलेला आहे. निम्म्या मुंबईला तो लागू पडत नाही आणि मग आम्ही गाडीची काळजी घेत नाही असा सूर निघतो, तो मला खटकतो.

आमच्या गल्लीतला मिस्त्री माझ्या वडिलांच्या वेळेपासून गाडी बघतोय. सुटे भाग मी स्वतः ऑपेरा हाऊसला जाऊन आणते, बिल घेऊन, डब्यावरचा पार्ट नंबर जुन्याशी ताडून. काम तो करतो आणि मी शेजारी उभी राहते. उंदरांनी वायर कुरतडल्यात का, टर्मिनलवर खाऱ्या हवेने पांढरी पूड आलीय का, हे बोनेट उघडून मीच बघते. त्यासाठी गाडीखाली झोपायची गरज पडलेली नाही.

कायदा_वाचणारा

मालक विरुद्ध मिस्त्री हा वादच मला चुकीच्या जागी वाटतो. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. सुटे भाग, दुरुस्तीच्या पुस्तिका आणि निदानाची यंत्रणा बाहेरच्या गॅरेजांना खुली मिळत नाही, असा आयोगाचा निष्कर्ष होता. पुढे अपिलं झाली. २०२२मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी पोर्टल सुरू केलं, त्यातही वाहन हे क्षेत्र आहे. धागाकर्त्याला टॉर्कचा आकडा हवा आणि भांडुपच्या मिस्त्रीला वायरिंगचा नकाशा. दोघांना कंपनीच्या एकाच दारात उभं राहावं लागतं.

भांडुपचा_मिस्त्री

हे अगदी खरं. नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा इंजेक्टर) बदलला की त्यावरचा कोड ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, भरावा लागतो. स्वस्तातला स्कॅनर फॉल्ट वाचतो, पण हे काम त्याच्याने होत नाही. त्या मशीनसाठी आम्ही किती पैसे घालतो हे गिऱ्हाइकाला दिसत नाही. ऑइल आणि फिल्टरची कामं घरी गेली तर ते मशीन आम्ही कशाच्या जोरावर ठेवायचं? तुमची ही रविवारची कामंच आमच्या पोरांचा पगार काढतात. हेड उतरवायचं काम रोज येत नाही.

स्कॉर्पिओ_कांजूर

पोरांच्या पगाराची गोष्ट मनाला लागते, हे मान्य करतो. तरी माझं मत बदलत नाही. ऑइल स्वतः बदलणारा मालक गळती लवकर पकडतो आणि ते काम घेऊन तुमच्याकडेच येतो. न बघणारा सरळ टोइंगवर येतो किंवा गाडी भंगारात काढतो.

डस्टर_मुलुंड

एक थेट प्रश्न. माझ्या दीड लिटर डिझेलला टायमिंग बेल्ट (पिस्टन आणि व्हॉल्व्हचा मेळ राखणारा पट्टा) आहे. तो घरी बदलावा का?

भांडुपचा_मिस्त्री

नाही. तुमच्या इंजिनात बेल्ट आहे, जुन्या अडीच लिटर इनोव्हात आणि तीन लिटर फॉर्च्युनरमध्येही बेल्टच. एमहॉक इंजिनाच्या स्कॉर्पिओला चेन आहे. बेल्टला किलोमीटरची मर्यादा असते तशी वर्षांचीही असते. गाडी कमी चालली तरी रबर म्हातारं होतं. बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि खर्च गाडीच्या किमतीकडे जातो. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) आणि वॉटर पंप त्याच वेळी बदला, कारण त्यांच्यासाठी पुन्हा तेवढंच खोलावं लागतं. बेल्ट बसवताना दात चुकला तर इंजिन जाऊ शकतं.

स्कॉर्पिओ_कांजूर

इथे मीही मिस्त्रीकडेच जा म्हणेन. पण बेल्ट कधी बदलला याची वही तुम्हीच ठेवा. जुनी गाडी विकत घेतली असेल आणि लेखी नोंद नसेल, तर बदललेलाच नाही असं धरून चाला.

दहिसर_चेकनाका

पावसाळ्याचंही लिहा. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला होता. तेवढा रोज पडत नाही, पण मिलन सबवे किंवा अंधेरी सबवेत पाणी भरायला त्याच्या कितीतरी कमी पुरतो. एसयूव्ही उंच आहे म्हणून लोक घुसवतात. हवेच्या पाइपमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलं की ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा चावी फिरवू नका. विमा कंपन्याही बऱ्याचदा याच कारणावरून इंजिनाचा दावा नाकारतात. इंजिन संरक्षणाची जोड पॉलिसीत आहे का, हे मे महिन्यातच बघून ठेवा.

चालवते_मी

या धाग्यामुळे आज डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) पुसून पुन्हा बघितली. ऑइल वरच्या खुणेच्या वर आहे. भरल्यापासून कुणी टाकलेलं नाही आणि वासही थोडा डिझेलचा येतोय. मिस्त्री गावी गेलाय. रविवारी अलिबागला जायचं होतं.

भांडुपचा_मिस्त्री

ताई, अलिबाग रद्द करा आणि गाडी सुरू करू नका. ऑइल भरायच्या टोपीखाली चॉकलेटी फेस आहे का आणि कूलंटची बाटली उतरलीय का, तेवढं बघून सांगा. दोन्ही नसेल तर नोझल गळत असण्याची शक्यता जास्त. ऑइल तुमच्या मिस्त्रीकडूनच काढून घ्या, पण फेकू नका म्हणावं. किती निघालं ते मोजायचंय.